लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये जीपीएस घड्याळ: या चुका टाळा

३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनला बहुतेक ठिकाणी १७ तासांच्या आसपास मुदत असते. एवढ्या वेळात घड्याळाचं बटण दाबायचं ते फक्त सहा वेळा: सुरुवातीला, पाण्यातून बाहेर येताना, सायकल घेऊन ट्रान्झिशनमधून (टप्पा बदलायच्या जागेतून) निघताना, सायकलवरून उतरल्यावर, धावायला निघताना आणि शेवटी. सातव्यांदा बोट बटणाकडे गेलं की समजावं, आधी करायचं काहीतरी राहून गेलंय. घड्याळाने दगा दिला अशी तक्रार ऐकू आली, की मुळाशी बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते. एक तर घरी बसून करायचं काम ऐन शर्यतीत काढलेलं असतं, नाहीतर घड्याळाचा प्रत्येक आकडा डोळे मिटून खरा मानलेला असतो.

आदल्या रात्रीचे उद्योग

शर्यतीच्या आदल्या रात्री घड्याळावर ‘नवीन अपडेट उपलब्ध’ असं दिसतं आणि हात शिवशिवायला लागतात. राहू द्या. अपडेटनंतर सेटिंग बदललं किंवा सेन्सर हरवला, तर ते शोधायला तुमच्याकडे वेळ नसतो. अपडेट करायचंच असेल तर दोन आठवडे आधी करा, आणि त्यानंतर किमान एक लांब सराव त्याच घड्याळावर होऊ द्या.

फोनशी सिंक मात्र आदल्या दिवशी जरूर करा. सिंक करताना पुढच्या काही दिवसांत कुठला सॅटेलाइट आकाशात कुठे असेल याचा अंदाज घड्याळात उतरतो. तो हाताशी असला की सिग्नल काही सेकंदांत पकडला जातो. तो नसला तर घड्याळाला प्रत्येक सॅटेलाइटकडून त्याच्या कक्षेची माहिती ऐकत बसावं लागतं, आणि किनाऱ्यावर गर्दीत उभं असताना ती काही मिनिटं फार लांबतात. परगावी गेल्यावर हे जास्तच जाणवतं.

दोन गोष्टी आधीच तपासा. पहिली म्हणजे ऑटो पॉज. रोजच्या धावण्यात रस्त्यावरच्या सिग्नलला थांबलो की घड्याळ थांबतं, ते सोयीचं असतं. शर्यतीत मात्र तुम्ही एड स्टेशनवर पाणी पीत उभे असलात तरी आयोजकांचं घड्याळ चालूच असतं. ऑटो पॉज बंद. दुसरी गोष्ट, मल्टिस्पोर्ट मोडमधल्या (तिन्ही खेळ एकाच नोंदीत धरणाऱ्या मोडमधल्या) स्क्रीन. काही घड्याळांत ट्रायथलॉनमधलं धावणं आणि एरवीचं धावणं यांची सेटिंग वेगवेगळी असतात. रोजच्या धावण्यासाठी छान मांडलेली स्क्रीन शर्यतीत दिसेलच असं नाही. एखाद्या ब्रिक सरावात (सायकलला लागूनच धावणं) पूर्ण ट्रायथलॉन मोड लावून पाहा. पोहायला जमत नसेल तर पाच मिनिटं चाला, बटण दाबा, सायकल काढा. एवढ्यानेही सगळं लक्षात येतं.

बॅटरी: खोक्यावरचा आकडा विसरा

खोक्यावर लिहिलेले तास नव्या घड्याळाचे असतात. बॅटरी तीन वर्षं जुनी, वर चेस्ट स्ट्रॅप (छातीवरचा हार्ट रेट पट्टा) आणि पॉवर मीटर (पेडल मारण्याचा जोर मोजणारा) जोडलेले, स्क्रीन सतत उजळलेली, मल्टिबँड जीपीएस (एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी ऐकणारं) चालू, आणि खिशात नसलेल्या फोनला घड्याळ उगाच शोधतंय. अशा वेळी तो आकडा कुठल्या कुठे जातो.

खरा आकडा काढणं सोपं आहे. शर्यतीत जी सेटिंग ठेवणार तीच ठेवून पाच तासांची सायकल करा आणि किती टक्के उतरले ते बघा. ४० टक्के उतरले असतील तर तासाला ८ टक्के, म्हणजे पूर्ण चार्ज साडेबारा तास टिकणार. तुम्हाला १४ तास लागणार असतील तर मॅरेथॉनच्या मध्यावर कुठेतरी मनगटावर काळी काच असेल. मग काटछाट करायची. ब्लूटूथवरची फोनची जोडणी, ‘स्क्रीन कायम चालू’ आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं मोजमाप बंद करा. चेस्ट स्ट्रॅप लावणार असाल तर मनगटावरचा हार्ट रेटही बंद. एवढ्याने भागलं नाही तर मल्टिबँडऐवजी साधा सर्व-सॅटेलाइट मोड. उघड्या रस्त्यावर दोन्हींतला फरक फारसा जाणवत नाही. उंच इमारती आणि दाट झाडीतच तो दिसतो. जीपीएस मधूनमधून झोपवणारा बचत मोड मात्र नको. तो वळणं कापतो, आणि धावताना पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) पार निरुपयोगी होतो.

पाण्यातला गोंधळ

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या. ‘३.८ किलोमीटरच्या जागी घड्याळाने ४.२ दाखवले, कोर्स चुकीचा होता!’ असं ठामपणे सांगण्याआधी घड्याळाला पाण्यात काय दिसतं ते पाहू.

सॅटेलाइट २० हजार किलोमीटरवर आहेत. त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत पोहोचतो तोच अगदी क्षीण होऊन, आणि पाण्यात तो काही सेंटिमीटरही शिरत नाही. फ्रीस्टाइल करताना हात पाण्याबाहेर येतो त्या क्षणात घड्याळ जेवढं पकडेल तेवढ्यावरच पुढचा सगळा हिशोब. मधल्या रिकाम्या जागा ते अंदाजाने भरतं. थकून मध्येच ब्रेस्टस्ट्रोक सुरू केलात तर हात वर येतच नाही आणि नकाशावरची रेघ भरकटते. ओपन वॉटर मोडमध्ये हे सावरायची थोडी सोय असते. पूल मोडमध्ये जीपीएस चालूच नसतं; घड्याळ भिंतीवरची वळणं मोजत असतं, आणि तळ्यात भिंत कुठून आणणार? त्यामुळे मोड नीट निवडा.

अर्थात दोष दर वेळी घड्याळाचाच असतो असंही नाही. डोकं वर काढून न पाहता पोहणारा माणूस नागमोडी जातोच. रेघ बोयांपासून (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांपासून) दूर गेलेली पण गुळगुळीत असेल तर तुम्ही खरंच लांबून पोहलात. रेघ करवतीच्या दात्यांसारखी असेल तर चूक जीपीएसची.

आता सुरुवातीची चूक. सिग्नल मिळायच्या आधीच पाण्यात उतरायचं आणि बटण दाबायचं. एकदा हात पाण्यात गेला की पहिला ठावठिकाणा मिळणं कठीण, म्हणून किनाऱ्यावर उघड्या आकाशाखाली, हात स्थिर ठेवून सिग्नल घ्या. आणखी एक खोच आहे: काही घड्याळं ‘तयार’ स्क्रीनवर काही मिनिटं बटण दाबलं नाही तर मुकाट्याने मूळ डायलवर परत जातात. तुम्ही रांगेत अर्धा तास उभे, आणि सिग्नल कधीच सोडलेला. ही वेळमर्यादा सेटिंगमध्ये वाढवता येत असेल तर वाढवा. नाहीतर सिग्नल अगदी शेवटच्या दहा मिनिटांतच घ्या.

पाण्यात हार्ट रेट दिसत नाही म्हणून घाबरू नका. चेस्ट स्ट्रॅपच्या रेडिओ लहरीही पाण्यातून मनगटापर्यंत येत नाहीत. काही पट्टे पोहण्याची नोंद स्वतःजवळ साठवतात आणि बाहेर आल्यावर घड्याळाला देतात. पोहताना तसंही घड्याळाकडे बघण्यासारखं काही नसतं. बघायचं ते पुढच्या बोयाकडे.

टी-वन (पहिलं ट्रान्झिशन) आणि विसरलेलं बटण

टचस्क्रीन कुलूपबंद करा, आधीच. ओली काच बोट आणि पाण्याचा थेंब यांत फरक करत नाही. बटणं असलेल्या घड्याळातही सुरुवातीच्या धक्काबुक्कीत लॅप दाबलं जाऊ शकतं, आणि मल्टिस्पोर्ट मोडमध्ये लॅप म्हणजे ‘पुढचा टप्पा’. तुम्ही अजून पहिल्या बोयापाशी, घड्याळ ट्रान्झिशनमध्ये! बटणांना कुलूप लावायची सोय असेल तर वापरा, फक्त ते उघडायचं कसं हे ओल्या, थंड बोटांनी एकदा करून बघा.

वेटसूट घालणार असाल तर घड्याळ बाहीच्या वर की खाली, हेही आधीच ठरवा. वर घातलं तर सूट काढताना ते आधी सोडावं लागतं. खाली घातलं तर बाही ओढताना बटण दाबलं जाण्याची भीती. माझं मत विचाराल तर खाली, कुलूप लावून.

समजा लॅप दाबायला विसरलात. सायकलवर दहा किलोमीटर गेल्यावर घड्याळाकडे नजर जाते आणि तिथे पोहण्याचा पेस दिसतो: १०० मीटरला १२ सेकंद. विश्वविक्रम! हसा आणि सरळ रस्ता आला की लॅप दोनदा दाबा. एकदा दाबलं तर तुम्ही टी-वनमध्ये जाता, दुसऱ्यांदा सायकलमध्ये. एकदाच दाबून निश्चिंत झालात तर अख्खी सायकल ट्रान्झिशन म्हणून नोंदली जाईल. ट्रान्झिशन टप्पे सेटिंगमध्ये बंद ठेवले असतील तर एकदाच पुरे. स्टॉप मात्र दाबू नका. अधिकृत वेळ घोट्याच्या टायमिंग चिपवरून धरली जाते, घड्याळावरून नाही. तिथे काहीही बिघडलेलं नाही.

सायकलवर

ट्रान्झिशनमध्ये शेकडो सायकली, प्रत्येकीवर एक-दोन सेन्सर. अशा ठिकाणी ‘सेन्सर शोधा’ हा पर्याय उघडणं म्हणजे शेजाऱ्याचा पॉवर मीटर गळ्यात बांधून घेणं. जोडणी घरीच करा. पट्टा आणि पॉवर मीटर नाण्याच्या आकाराच्या सेलवर चालत असेल (बहुतेक वेळा तो सीआर२०३२ असतो), तर आठवडाभर आधी नवा घाला. पॉवर मीटरचं झीरो सेटिंग (त्याचा शून्य जुळवून घेणं) शर्यतीच्या सकाळी करा, पण सायकल बाहेरच्या हवेला थोडा वेळ राहिल्यावर. तापमान बदललं की आकडा सरकतो.

स्क्रीनवर तीन-चार आकडे पुरेत. पॉवरचा क्षणोक्षणीचा आकडा इतका उड्या मारतो की त्याच्यामागे लागणं व्यर्थ. दहा सेकंदांची सरासरी ठेवा. घड्याळावर एकूण वेळ आणि दिवसाची वेळ दोन्ही दिसू द्या. कट-ऑफ (टप्पा संपवायच्या मुदती) कधी घड्याळी वेळेत दिलेले असतात, कधी तुमच्या सुरुवातीपासून मोजलेले. थकल्यावर ही वजाबाकी होत नाही, त्यामुळे ती आदल्या दिवशी करून ठेवा.

अलार्मचं म्हणाल तर खाण्याचा एक पुरे. हार्ट रेट झोनचे, वेगाचे, दर किलोमीटरचे असे सगळे चालू ठेवले की तिसऱ्या तासापासून तुम्ही एकही ऐकत नाही, आणि त्यातच खाण्याचाही निसटतो.

धावताना: पेसवर किती विश्वास

कोर्स मोजताना तो सर्वांत छोट्या वाटेने, वळणांची आतली बाजू धरून मोजतात. तुम्ही तसं धावत नाही, आणि जीपीएसची रेघही थोडी थरथरते. त्यामुळे घड्याळ बहुतेकदा जास्त अंतर दाखवतं. एक टक्का फरक धरू. घड्याळावर किलोमीटरला ६:०० मिनिटांचा पेस दिसतोय, म्हणजे ४ तास १३ मिनिटांत मॅरेथॉन संपेल असं वाटतं. प्रत्यक्षात खऱ्या किलोमीटरला ६:०४ च्या आसपास लागतात आणि शेवटी अडीच मिनिटं जास्त होतात. मुदतीच्या काठावर असलेल्याला ही अडीच मिनिटं फार महाग पडतात. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्या जास्त भरवशाच्या. क्षणिक पेसऐवजी लॅपचा पेस (घड्याळ आपोआप धरतं त्या चालू किलोमीटरची सरासरी) पाहा. झाडाखालून किंवा पुलाखालून गेलात की क्षणिक पेस काहीही बोलतो.

मनगटावरच्या हार्ट रेटची एक खोड आहे. कधीकधी तो तुमच्या ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतो. आरामात धावताना अचानक १७५ दिसलं आणि तुमचा केडन्सही (मिनिटाला पडणारी पावलं) १७५ असेल, तर तो आकडा हृदयाचा नाही. घड्याळ मनगटाच्या हाडापासून थोडं वर सरकवा आणि पट्टा एक घर आवळा. चेस्ट स्ट्रॅप असला तरी एक लक्षात ठेवा: उन्हात, दहा-बारा तासांनंतर, तेवढ्याच मेहनतीला हार्ट रेट चढतच जातो. सकाळच्या मर्यादेला संध्याकाळी चिकटून बसलात तर उगाच चालत बसाल.

घड्याळ अडकलंच तर

पडदा गोठला तर सायकल चालवताना खटपट नको. पुढच्या एड स्टेशनला थांबा, पॉवरचं बटण धरून ठेवा, घड्याळ पुन्हा सुरू होऊ द्या आणि जो टप्पा चालू आहे त्याची साधी नोंद सुरू करा. दोन तुकडे नंतर कॉम्प्युटरवर जोडता येतात. बॅटरी १० टक्क्यांवर आली असेल तर स्क्रीनचा उजेड आणि सेन्सर बंद करून नोंद तेवढी चालू ठेवा.

आणि शेवटी, अंतिम रेषेवर हात वर करा, स्टॉपकडे नेऊ नका. मान खाली घालून मनगट दाबणाऱ्यांचे फोटो दर शर्यतीत निघतात. कमानीखालून पुढे जाऊन, मेडल घेऊन दाबा. जास्तीचा अर्धा मिनिट ॲपमध्ये छाटता येतो. दाबल्यावर ‘सेव्ह’ आणि ‘डिस्कार्ड’ शेजारी-शेजारी येतात, तेव्हा थरथरत्या बोटाने घाई करू नका. समुद्रात पोहला असाल तर घरी आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याखाली धरा, बटणं दोन-चार वेळा दाबून मीठ निघू द्या, आणि चार्जिंगच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय केबल लावू नका.