क्लबची वेबसाइट आणि मेलिंग लिस्ट कुठे ठेवायची : पैसे भरण्याआधीची तयारी

नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात दर रविवारी सकाळी आमचा कॉम्प्युटर क्लब भरतो. फी नाही, मानधन नाही. जुने लॅपटॉप दुरुस्त करून गरजू मुलांना द्यायचे, ज्येष्ठांना यूपीआय आणि डिजिलॉकर शिकवायचं, आठवी-नववीतल्या मुलांकडून पायथन घोटून घ्यायचं, अशी कामं. यंदा आम्ही साइट आणि मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सदस्यांना मेल पोहोचतो ती सोय) दोन्हींचं होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, बदललं. ऐरोली आणि वाशीच्या काही मित्रांना त्यांच्या क्लबसाठी हेच करायचं आहे, म्हणून आम्ही काय काय तपासलं ते सविस्तर लिहितो.

कंपन्यांचे प्लॅन उघडून बसू नका. आधी एक वही घ्या आणि तुमचं डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, कोणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर, कोणाच्या कार्डावर आहे ते लिहा. आमचं डोमेन एका हौशी सदस्याने स्वतःच्या ऑफिसच्या ईमेलवरून घेतलं होतं. त्याने नोकरी बदलली, तो ईमेल बंद झाला आणि मुदत संपत आल्याच्या सूचना कोणी न उघडणाऱ्या पेटीत जात राहिल्या. ऐन गणपतीच्या आदल्या आठवड्यात साइटही गेली आणि मेलही. त्याचा काही दोष नव्हता, आम्ही बाकीच्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ‘.ऑर्ग’सारख्या डोमेनची मुदत टळली तर आधी विकणारी कंपनी काही दिवस थांबते, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे नाव सोडवून घेण्याचा, काळ असतो. त्यात जादा पैसे भरून नाव परत मिळतं. तेही दिवस गेले की आणखी ५ दिवसांनी ते नाव कोणीही घेऊ शकतो. आम्ही त्या ३० दिवसांच्या आत होतो म्हणून वाचलो.

तेव्हा डोमेनच्या खात्याला क्लबचा ईमेल द्या, पण तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर त्यावरची पेटीही बंद, मग पासवर्ड बदलायचा दुवा येणार कुठे? नूतनीकरण एकदम तीन वर्षांचं करा. १० वर्षांपर्यंत करता येतं. डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवावं असं माझं ठाम मत आहे. होस्टिंगवाल्याशी बिनसलं तर निदान नाव आपल्या हातात राहतं. ‘.ऑर्ग’ किंवा ‘.कॉम’ नव्याने घेतलं असेल तर पहिले ६० दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, हे तारखा ठरवताना धरा.

मग पैशाचं. जाहिरातीत दिसणारा महिन्याचा दर बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरच मिळतो, आणि नूतनीकरणाचा दर वेगळा, बारीक अक्षरांत असतो. वहीत नूतनीकरणाचाच दर लिहा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. संस्था नोंदलेली नसेल तर बँकेत क्लबच्या नावाचं खातं उघडणं अवघड जातं आणि खर्च कोषाध्यक्षांच्या खिशातून होतो. अशा वेळी पावती आणि परतफेड त्याच रविवारी उरकून टाका. परदेशी कंपनीच्या ‘ऑटो-रिन्यू’वर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप पैसे जायचे तर रीतसर मँडेट, म्हणजे आधी दिलेली परवानगी, लागतं, आणि आपल्या कार्डांवरून असे व्यवहार पुष्कळदा अडतात. मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख तिघांच्या कॅलेंडरमध्ये टाका.

आता साइट. ती कोण लिहिणार, यावरून जागा ठरवा. आमच्याकडे बैठकीच्या सूचना एक निवृत्त बँक कर्मचारी काकू लिहितात आणि त्या फार नेटक्या लिहितात. त्यांना मार्कडाउन आणि गिट ही प्रोग्रॅमरांची साधनं शिकायला लावून मोफत जागा मिळवण्यापेक्षा वर्डप्रेसचे (साध्या पानावर टाइप करून साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरचे) चार पैसे देणं आम्हाला योग्य वाटलं. तुमचे लिहिणारे सगळे प्रोग्रॅमर असतील तर गिटहब पेजेस ही मोफत जागा उत्तम: साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला साधारण १०० जीबीची वाहतूक (वाचकांकडे जाणारा डेटा), स्वतःचं डोमेन लावता येतं आणि पैसे शून्य. एचटीटीपीएसच्या (साइट सुरक्षित असल्याचं कुलूप दाखवणाऱ्या) प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागणाऱ्या कंपनीचं नाव वहीतून खोडा; लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. सर्व्हर जवळच महापेला आहे की सिंगापूरला, याने आपल्यासारख्या साइटला फरक पडत नाही.

मराठीची चाचणी मात्र स्वतः घ्या. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्यासाठी (लिंकच्या शेवटी येणाऱ्या शब्दांसाठी) २०० खुणांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार तिथे ९ खुणा खातो. म्हणजे जेमतेम २२ घटक बसतात. आम्ही ‘ज्येष्ठांसाठी मोबाइल बँकिंगचे वर्ग’ असं शीर्षक दिलं, तर पत्ता ‘ज्येष्ठांसाठी-मोबाइल-बँक’ इथे तुटला. त्याच विषयावरच्या पुढच्या लेखाचा पत्ताही तिथेच तुटून नुसता ‘२’ लागला. आता काकू पत्ता हाताने, छोटा लिहितात. जुन्या जागेवरून डेटाबेस (सगळे लेख साठवलेली यादी) आणत असाल तर तो यूटीएफ-८ एमबी-४ या सगळ्या लिपी सामावणाऱ्या पद्धतीत उतरवा, नाहीतर अख्ख्या लेखांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसू शकतात.

मेलिंग लिस्टला सगळ्यात जास्त वेळ द्या. व्हॉट्सॲप असताना मेल कशाला, हा प्रश्न बैठकीत येणारच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या क्लबात मुली आहेत, शाळकरी मुलं आहेत; त्यांचे नंबर दोनशे अनोळखी लोकांपुढे ठेवायला माझं मन घेत नाही. शिवाय मागच्या वर्षी कोणी प्रिंटर कसा चालू केला, ते नव्या सदस्याला तिथे सापडत नाही.

शेअर्ड होस्टिंगबरोबर (एकच सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटलेला असतो त्या जागेबरोबर) लिस्ट ‘फुकट’ मिळते ती बऱ्याचदा मेलमन २ या जुन्या सॉफ्टवेअरवर असते. आवृत्ती विचाराच. मेलमन २ पायथन २ वर चालतं आणि त्या पायथनचा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला. दुसरा प्रश्न तासाला किती मेल पाठवू देता, हा. आमचे २४० सदस्य. एकाने वाय-फायबद्दल प्रश्न विचारला आणि नऊ उत्तरं आली की १० मेल, म्हणजे २,४०० पोहोचवण्या. तासाला काहीशेची मर्यादा असेल तर रात्री नऊची चर्चा पहाटेपर्यंत ठिबकत राहते.

तिसरा प्रश्न डीमार्कचा, म्हणजे मेल खरंच त्या नावाच्या पत्त्यावरून आला का हे पडताळण्याच्या पद्धतीचा, आणि इथे उत्तर देताना समोरचा अडखळला तर ती जागा घेऊ नका. सदस्य आपल्या नावाने मेल लिहितो, पण ते सगळ्यांना पोहोचवतो लिस्टचा सर्व्हर. घेणाऱ्या सर्व्हरला नाव एकाचं आणि पाठवणारा दुसराच दिसतो. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी असे मेल नाकारण्याचं धोरण लावलं, आणि जगभरच्या लिस्टवर मेल परत येऊ लागले. मेल परत आला की लिस्टला वाटतं घेणाऱ्याचा पत्ताच मेला, आणि काही न केलेला सदस्य यादीतून कटतो. म्हणून प्रेषकाच्या जागी लिस्टचा पत्ता घालण्याची सोय हवीच, आणि क्लबच्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कच्या (मेल खरा आहे हे पटवणाऱ्या) नोंदी करू देणारी जागा हवी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत आणखी कडक झाले आहेत.

घरातल्या जुन्या मशीनवर मेल सर्व्हर चालवू, असं एखादा उत्साही मुलगा म्हणेल. शिकायला जरूर चालवा, पण क्लबची लिस्ट त्यावर नको. घरच्या कनेक्शनला बहुधा स्वतःचा स्थिर पत्ता नसतो, मेल पाठवायला लागणारं २५ क्रमांकाचं पोर्ट (इंटरनेटचं दार) बंद असतं, आणि पावसाळ्यात वीज जाते ती वेगळीच.

जिथून जुने मेल एमबॉक्स (सगळे मेल एकत्र साठवणाऱ्या) फाइलीत आणि सदस्यांची यादी साध्या फाइलीत बाहेर काढता येत नाही, तिथे जाऊ नका. याहू ग्रुप्सने डिसेंबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकला आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद केली. किती छोट्या मंडळांच्या वर्षानुवर्षांच्या चर्चा त्यात गेल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आम्ही दर महिन्याला फाइल उतरवतो आणि दोन घरांतल्या दोन हार्डडिस्कवर ठेवतो. जुने मेल फक्त सदस्यांनाच दिसतील असं ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांची संमती सांगितली आहे, म्हणून आम्ही मुलांऐवजी पालकांचाच पत्ता यादीत घेतो.

जागा पक्की झाली की देवनागरी विषय असलेला एक मेल लिस्टमार्फत जीमेल, आउटलुक, याहू आणि रेडिफमेल अशा चार पत्त्यांवर पाठवून बघा. स्पॅममध्ये गेला का ते पाहा. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. त्यावर उत्तर द्या. ते लिस्टला जातं की एकट्यालाच, हे आधी माहीत असलेलं बरं. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून साइट खरंच उभी राहते का, तेही याच दिवशी बघा.

सगळे पासवर्ड, टू-फॅक्टरचे (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीचे) रिकव्हरी कोड आणि मुदतीच्या तारखा एका पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा आणि त्याची किल्ली दोन वेगळ्या घरांतल्या दोघांकडे द्या. आम्ही एक छापील प्रत बंद पाकिटात कोषाध्यक्षांच्या कपाटात ठेवली आहे. दर एप्रिलमध्ये ते पाकीट दुसऱ्याच सदस्याने उघडायचं आणि कोणाची मदत न घेता आत शिरून दाखवायचं, असं ठरलं आहे.

हलवण्याच्या दोन दिवस आधी डीएनएसच्या (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) नोंदींचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद लक्षात ठेवण्याचा वेळ, ३०० सेकंदांवर आणा आणि बदल रविवारी सकाळी, सगळे जमलेले असताना करा. जुन्या जागेचे पैसे आणखी एक महिना भरा. तिकडे उशिराने येणारे मेल त्या महिनाभर रोज कोणीतरी बघायला हवेत. आमच्याकडे ते काम काकूंनी आपणहून घेतलं.