वर्गात मुलं किती, हे पालकांनी कसं तपासावं

जूनमध्ये सोलापूरच्या पूर्व भागातले पालक भेटले की विचारतात, "बाई, कुठल्या शाळेत घालू?" मी निकालाच्या फ्लेक्सकडे बोट दाखवत नाही. नववीचा वर्ग चालू असताना दारातून एकदा बघून या म्हणते. मी सोलापुरातच हायस्कूलला गणित शिकवलं, त्यामुळे पहिली नजर बाकांकडे जाते. दोघांच्या बाकावर तिघं बसली असतील, तर मधल्याचं कोपर वहीवर टेकत नाही. मार्चमध्ये पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा त्या मधल्या मुलाचं लक्ष फळ्यावर किती वेळ राहणार?

मग आकडे विचारा, पण नीट विचारा. "मुलं किती, शिक्षक किती" यावर थांबलात तर फसाल. समजा शाळेत ६०० मुलं आणि २० शिक्षक आहेत. कागदावर हे प्रमाण ३० ला एक, म्हणजे अगदी चोख. पण तुकड्या नऊच असल्या तर एका वर्गात ६६-६७ मुलं बसतात, कारण सगळे शिक्षक एकाच वेळी तासावर नसतात. म्हणून पट तुकड्यांनी भागा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने एका वर्गखोलीत ४० मुलं धरली होती. २०२० चं शैक्षणिक धोरण तर कष्टकरी, वंचित वस्त्यांसाठी २५ च्या आत प्रमाण आणायला सांगतं, आणि विडी-यंत्रमागाच्या आपल्या वस्त्या त्यातच येतात. शाळेचा ११ अंकी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, मिळाला की पट, खोल्या, शिक्षक ही माहिती मोबाइलवरही बघता येते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट घरीच दप्तरात असते. गणिताची वही काढा. शेवटची तारीख कधीची आहे? लाल पेन प्रत्येक पायरीवर फिरलंय, की पानाखाली नुसती सही आहे? आठवीतलं मूल (a+b)² चा विस्तार a²+b² असा लिहून मोकळं होतं, मधलं 2ab गळतं. चाळीस वह्या असतील तर ते शिक्षकाला दिसतं. सत्तर-सत्तरच्या पाच तुकड्या एकाच शिक्षकाकडे असल्या की साडेतीनशे वह्या होतात, मग सहीच उरते. ती चूक तशीच दहावीच्या वर्गसमीकरणांपर्यंत जाते आणि तिथे आपण म्हणतो, पोराला गणित जमत नाही.

घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला तर गर्दी जास्तच नडते. प्रश्न मनात असतो, पण मराठीत मांडायला त्याला क्षणभर लागतो. पस्तीस मिनिटांच्या तासात सत्तर मुलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट. त्याचा हात वर जायच्या आत तास संपतो. "आज वर्गात काय विचारलंस?" हे रोज विचारा. आठवडाभर उत्तर "काही नाही" आलं, तर वर्गशिक्षकांना भेटा.

पट कमी म्हणजे शाळा उत्तम, असंही समजू नका. पट घसरला की पद कमी होतं, शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि मग गणिताचा तास दुसऱ्याच विषयाच्या सरांकडे जातो. तिथे विचारायचं ते वेगळं: गणित, विज्ञान आणि इंग्रजी त्या-त्या विषयाचेच शिक्षक घेतात का?

गर्दी दिसली तर एकट्याने भांडू नका. पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय मांडा, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तुकडी वाढेपर्यंत निदान दोन गोष्टी मागा: दर आठवड्याला बाकांची अदलाबदल, आणि रोज ठराविक दहा वह्यांची पूर्ण तपासणी. हे सगळं सप्टेंबरच्या आत करा, कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदं द्यायची याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावरून होते. अलीकडे त्यात आधार जुळलेलीच मुलं धरतात. आपल्याकडची तेलुगू आडनावं आधारवर एक आणि शाळेच्या रजिस्टरला दुसरी असतात. दोन्हींवरचं स्पेलिंग जुलैतच ताडून बघा, कारण चार-पाच नावं गळाली तरी एका शिक्षकाचं पद हातचं जाऊ शकतं.