येशूवरचा सिनेमा पाहून मत कसं मांडावं : शुभवर्तमान हातात घेऊन

दिवे लागले की पहिलं वाक्य ठरलेलं: "अगदी बायबलमध्ये आहे तसंच दाखवलंय हो." लगेच मागच्या रांगेतून दुसरं: "छे, असं बायबलमध्ये कुठेच नाही." वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही येशूवरचे चित्रपट दाखवतो आणि मग त्यावर बोलतो. चौदा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता ती बोलणाऱ्याच्या हातात मी सरळ पुस्तक देते. बहुतेक वेळा दोघांनीही ते उघडलेलं नसतं.

"मन मोकळं ठेवा आणि वाटेल ते बोला" हा सल्ला मला मान्य नाही. वाटेल ते बोलायला हरकत नाही, पण "शास्त्राला धरून आहे" किंवा "शास्त्राला सोडून आहे" म्हणायचं तर शास्त्र वाचावंच लागतं. ते कसं करायचं, ते सांगते.

चित्रपट निवडा

पहिल्या वर्षी एकाच शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलमधल्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूच्या चार वृत्तांतांपैकी एकावर, बेतलेला घ्या. असे तीन सहज सापडतात. १९७९चा 'जीझस' लूकवर आधारलेला आहे, ब्रायन डीकन येशूच्या भूमिकेत आहे. तो मराठीतही ऐकता येतो, त्यामुळे खालची अक्षरं वाचायला न जमणारे आजी-आजोबा शेवटपर्यंत बसतात. दिग्दर्शक पासोलिनीचा १९६४चा इटालियन चित्रपट मत्तयावर आहे आणि त्यातले संवाद मत्तयाच्याच शब्दांतले आहेत. २००३चा योहानावरचा चित्रपट तर शुभवर्तमानाचा मजकूर शब्दशः घेऊन चालतो. चारही शुभवर्तमानं एकत्र विणणारे चित्रपट, म्हणजे झेफिरेलीची १९७७ची मालिका 'जीझस ऑफ नाझरेथ' किंवा मेल गिब्सनचा २००४चा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट', दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

पाहा

मध्ये न थांबवता, न बोलता. झेफिरेलीची मालिका सहा तासांहून मोठी आहे, तिला दोन-तीन संध्याकाळी द्या.

पुस्तक उघडण्याआधी एक वाक्य लिहा

एकाच प्रसंगाबद्दल, एकच वाक्य. "मला हे खटकलं" किंवा "इथे मला रडू आलं". वहीत लिहा, तारीख घाला आणि वही मिटा.

आता शुभवर्तमान उघडा

खरी गोम इथेच आहे. मी स्वतः इथे सुरुवातीला चुकत होते.

अडचण अशी की आपल्या डोक्यात "बायबल" म्हणून जे असतं त्यातलं पुष्कळसं बायबलमधून आलेलंच नसतं. ते नाताळच्या गोठ्यातून, क्रुसाच्या वाटेवरून (येशूच्या अखेरच्या वाटचालीची चौदा स्थानं घेत करायची प्रार्थना), भिंतीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीतून आणि आधी पाहिलेल्या सिनेमांतून आलेलं असतं. त्यामुळे आठवणीतून तपासायला गेलो की आपण एका चित्राची दुसऱ्या चित्राशी तुलना करतो आणि त्यालाच शास्त्र म्हणतो.

दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. वेरोनिका येशूचा रक्ताळलेला चेहरा पुसते तो प्रसंग पाहून सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "हे कोणत्या अध्यायात आहे?" मी म्हणाले, "लूकमध्ये बघ, दुःखसहनाच्या भागात." अगदी खात्रीने म्हणाले. लहानपणापासून दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेवर सहाव्या स्थानापाशी गुडघे टेकलेली मी, मला शंका यायचं कारणच नव्हतं. पुढच्या शनिवारी ती मुलगी वही घेऊन आली. चारही शुभवर्तमानांतले दुःखसहनाचे अध्याय तिने वाचून काढले होते. वेरोनिका कुठेच नव्हती. येशू तीनदा पडला हेही कुठे नव्हतं. ती रागावली नव्हती, गोंधळली होती, आणि तिला गोंधळात मी टाकलं होतं. त्या रात्री मी घरी पहिल्यांदा चारही वृत्तांत शेजारी शेजारी ठेवून वाचले.

तेव्हापासून ही पद्धत. एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा: मत्तय, मार्क, लूक, योहान. एकच प्रसंग घ्या आणि तो चौघांत शोधा. जिथे नाही तिथे "नाही" असं लिहा. रकाना कोरा सोडू नका, कोऱ्या जागेत आठवण शिरते.

उदाहरणार्थ रोमी सुभेदार पिलातापुढचा येशूचा खटला घ्या. पिलात हात धुतो ते फक्त मत्तयात (२७:२४, म्हणजे अध्याय २७, वचन २४). त्याच्या बायकोचं स्वप्नही फक्त तिथेच. येशूला गालीलचा शासक हेरोदाकडे पाठवतात ते फक्त लूकमध्ये (२३:६-१२). "सत्य काय आहे?" हा प्रश्न फक्त योहानात (१८:३८). सिनेमात हे सगळं सलग येतं आणि आपण "तसंच आहे" म्हणतो. प्रत्येक तुकडा लिहिलेलाच आहे, पण असा सलग खटला कुणा एकानेही लिहिलेला नाही. क्रूस वाहण्याचंही तसंच. मत्तय, मार्क आणि लूक कुरेनेकर शिमोनाला धरून आणल्याचं सांगतात, योहान म्हणतो येशू स्वतःच क्रूस वाहत निघाला. सिनेमावाला दोन्ही दाखवतो. त्यात वाईट काही नाही, पण त्या कामाचं नाव "जोडणं" आहे हे कळू द्या.

रकाने भरून झाले की प्रसंगातल्या प्रत्येक गोष्टीपुढे चारपैकी एक शब्द लिहा: लिहिलेलं, जोडलेलं, परंपरेतलं, नवं. वेरोनिका परंपरेतली. झेफिरेलीच्या मालिकेतला झेरा नावाचा शास्त्री, येशूला धरून देणाऱ्या यहूदाला जाळ्यात ओढणारा, तो नवा. गिब्सनच्या चित्रपटात वधस्तंभावरच्या चोराचा डोळा टोचणारा कावळाही नवाच.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. येशूची शिष्या मग्दालिया मरिया वेश्या होती असं एकाही शुभवर्तमानात नाही. लूक ८:२ म्हणतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती, एवढंच. लूकच्या सातव्या अध्यायातली पापी स्त्री निनावी आहे. योहानाच्या आठव्या अध्यायात जिला दगडमार करायला निघाले तीही निनावी आहे. पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१ साली एका प्रवचनात मग्दालिया आणि लूकमधली ती पापी स्त्री एकच मानल्या आणि पश्चिमेकडची चित्रं, नाटकं, सिनेमे त्याच वाटेने गेले. गिब्सनने तर दगडमारातून वाचलेली बाईही मग्दालियाच केली. पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार असलेल्या बाईवर दीड हजार वर्षं चिकटलेला हा डाग आहे. कुणी "बायबलमध्येच आहे ना" म्हणालं की मी अध्याय विचारते आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. लूकवरचा चित्रपट पाहून तक्रार येते, "ज्ञानी लोक का गाळले? डोंगरावरचं प्रवचन एवढंसंच का?" लूकमध्ये पूर्वेकडचे ज्ञानी लोक नाहीतच, मेंढपाळ आहेत. ज्ञानी मत्तयाचे, आणि ते तीन होते असं त्यानेही म्हटलेलं नाही. लूकमधलं प्रवचन सपाट जागी होतं (६:१७) आणि ते मत्तयापेक्षा खूप लहान आहे. योहानावरच्या चित्रपटानंतर एक आजोबा खरोखर दुखावले होते: "शेवटच्या भोजनात मिस्सेची वचनंच नाहीत, हे कसलं भोजन?" मी त्यांना योहानाचा तेरावा अध्याय वाचायला दिला. तिथे भाकर आणि प्याल्यावरची ती वचनं नाहीत, येशू शिष्यांचे पाय धुतो. आजोबांनी अध्याय दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग सहाव्या अध्यायातली जीवनाची भाकर इथे जोडून वाचायची." इतकं चांगलं मत त्या वर्षी दुसऱ्या कुणी दिलं नाही.

जिथे पुस्तक गप्प आहे तिथे थांबा

हे त्याच पायरीचं पुढचं टोक आहे, आणि बहुतेक मतं खरं तर इथलीच असतात. शुभवर्तमान शब्द देतं, पण ते कोणत्या आवाजात उच्चारले हे क्वचितच सांगतं. येशू दिसायला कसा होता हे चौघांपैकी कुणीही लिहिलेलं नाही. सिनेमाला मात्र चेहरा द्यावाच लागतो. रॉबर्ट पॉवेलचे निळे, जवळजवळ न मिटणारे डोळे हा झेफिरेलीचा निर्णय. जाड भुवयांचा, घाईने चालणारा, चालता चालता मागे वळून शिष्यांशी बोलणारा एकोणीस वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी एनरिके इराझोकी हा पासोलिनीचा निर्णय. "हा येशूसारखा दिसतच नाही" असं कुणी म्हणालं की विचारा, कोणत्या येशूसारखा?

चाबकाच्या फटक्यांचंही तसंच. मत्तय ते अर्ध्या वाक्यात उरकतो (२७:२६). गिब्सन तेच कित्येक मिनिटं दाखवतो. आमच्याकडे दरवेळी दोन तट पडतात: काही हुंदके देत बाहेर येतात, काही अर्ध्यातून उठून जातात. दोघांनाही मी सांगते की हे मत शास्त्राबद्दलचं नाही, दिग्दर्शकाच्या निवडीबद्दलचं आहे, आणि ते तसंच मांडा. माझं मत विचाराल तर ते फार झालं. शुभवर्तमानकारांच्या वाचकांना रोमी चाबूक ठाऊक होता, लांबण लावायची गरज नव्हती, हे खरं. आजच्या प्रेक्षकाला तो ठाऊक नाही, म्हणून दाखवायला हवा, हा युक्तिवादही मला कळतो. पण इतका वेळ फक्त जखमा पाहिल्यावर "बापा, त्यांना क्षमा कर" हे शब्द येतात तेव्हा ते ऐकायची ताकद प्रेक्षकात उरत नाही. मी हे आमच्या सभागृहात लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

इथे कडक राहा

खटल्याच्या प्रसंगावर बोलताना कुणीतरी "ज्यूंनी मारलं" असं म्हणतंच. तिथल्या तिथे थांबवा. येशू ज्यू, त्याची आई ज्यू, बारा शिष्य ज्यू. क्रुसाची शिक्षा रोमी, हुकूम रोमी सुभेदाराचा. मत्तय २७:२५ मधल्या जमावाच्या वाक्याचा ("त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो") आधार घेऊन शतकानुशतकं माणसं मारली गेली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितलं की त्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येत नाही. आणि आपल्याला तर हे लांबून समजावून घ्यायची गरज नाही. आपल्याच कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आलेले बेने इस्रायल ज्यू आहेत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. चर्चेत एखादं वाक्य बोलताना ते शेजारी बसलेत असं समजा.

मग बोला

"लिहिलं आहे" म्हणायचं तर अध्याय आणि वचन सांगा. नाहीतर "मला वाटलं" म्हणा. एका माणसाला तीन मिनिटं पुरतात.

"नवं" सापडलं की "खोटं" म्हणून शिक्का मारायची घाई करू नका. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात राशोलला ख्रिस्तपुराण छापलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. शास्त्रातली कथा मराठी कानांना पुराणासारखी लागावी म्हणून त्यांनी ती फुलवली, वर्णनं घातली. ते आपण डोक्यावर घेतो. मग सिनेमावाल्याने भर घातली तर विचारायचं ते एवढंच, की ही भर लिहिलेल्या शब्दाकडे नेते की त्याच्यावर पडदा टाकते.

ख्रिस्ती नसलेले शेजारी आले तर त्यांना आधी बोलू द्या. त्यांच्या डोक्यात क्रुसाची वाट नसते, ते पडद्यावर आहे तेवढंच पाहतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, तेव्हा समोर ख्रिस्त सरकत असताना त्यांना मनात राम-कृष्ण दिसत होते. हे त्यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं. त्यांनी पुन्हा तिकीट काढून तो चित्रपट पाहिला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला.

वही पुन्हा उघडा

आधी लिहिलेलं वाक्य आता वाचा आणि त्याखाली दुसरं लिहा. पहिलं खोडू नका. पासोलिनीचा चित्रपट पहिल्यांदा पाहिल्यावर मी लिहिलं होतं, "हा येशू फारच रागावतो, दिग्दर्शक कम्युनिस्ट म्हणून असेल." त्याखाली, मत्तयाचा तेविसावा अध्याय वाचून झाल्यावर: "'तुमची केवढी दुर्दशा होणार' हे तो शास्त्री-परुश्यांना पुन्हा पुन्हा म्हणतो. राग मत्तयाचाच आहे." आणि चार वर्षांनी, वेगळ्या शाईत: "शेवटी यरुशलेमेशी बोलताना तो स्वतःला कोंबडीची उपमा देतो, पिल्लं पंखांखाली घेणाऱ्या. ती मी दोन्ही वेळा ऐकलीच नव्हती."