कोळसा, पाऊस आणि 96 ब्लॉक: वीजनिर्मिती कंपनीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे. राज्यातला कुठला संच (वीज बनवणारा टर्बाइन-जनरेटर) किती मेगावॅटवर चालवायचा, हे तिथून ठरतं. मी याच पट्ट्यात राहून वीजनिर्मितीच्या कमर्शियल विभागात काम करतो. नव्या मुलांना, इंजिनिअर असोत की कॉस्ट अकाउंटंट, मी सगळ्यात आधी शेड्यूल वाचायला बसवतो. दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉकला आपल्या संचाला किती मेगावॅट मिळाले तो आकडा. तो का वर-खाली होतो हे कळलं की अर्धं काम कळलं.

मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त ते महाग अशा संचांच्या यादीत, ज्याचा प्रतियुनिट इंधनखर्च कमी, त्याला आधी भार मिळतो. मागणी उतरली की महागडे संच आधी खाली येतात. म्हणून इंधनखर्चाचं गणित हाताने करायला शिका, एक्सेल नंतर. समजा हीट रेट, म्हणजे एक युनिट वीज बनवायला लागणारी उष्णता, 2400 किलोकॅलरी, कोळशाचा उष्मांक, म्हणजे किलोमागे मिळणारी उष्णता, 3600 किलोकॅलरी आणि भाव टनाला 4500 रुपये. म्हणजे युनिटला 667 ग्रॅम कोळसा, 3 रुपये. संच स्वतःच 8 टक्के वीज खातो, ती वजा केली की 3 रुपये 26 पैसे. आता उष्मांक 3200 वर आणा, बाकी सगळं तेच ठेवा. खर्च 3 रुपये 67 पैशांवर जातो. या 41 पैशांत संच यादीत बराच खाली घसरू शकतो. म्हणून बिलातला उष्मांक, वॅगन रिकामी करताना मिळालेला उष्मांक आणि बॉयलरआधीच्या बंकरमध्ये गेलेला उष्मांक यांतली तफावत रोज बघा. माझ्या मते या खात्यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

पावसाळा खरी परीक्षा घेतो. शेतीपंप थांबतात, एसी बंद होतात, पवनऊर्जा वाढते, आणि नेमका तेव्हाच कोळसा ओला येतो, त्याचा उष्मांक घसरतो. आपला खर्च चढतो आणि मागणी पडते. मग पाऊस उघडला, ऑक्टोबरचा उष्मा सुरू झाला की मागणी उसळते आणि साठा मात्र तळाला असतो. ऑक्टोबर 2021 मध्ये देशभरातल्या केंद्रांवर कोळशाचे साठे काही दिवसांपुरतेच उरले होते. तेव्हाचे साठ्याचे तक्ते जुन्या फायलींतून काढून बघाच.

सौर ऊर्जेमुळे दुपारी बॅकडाऊन, म्हणजे संचाचा भार कमी करणं, आणि संध्याकाळी झपाट्याने भार वाढवणं, हे आता रोजचंच. कमी भारावर हीट रेट बिघडतो, म्हणजे वाढतो, हेही हिशेबात धरा.

शेड्यूल नाही मिळालं म्हणजे कमाई बुडाली, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. स्थिर आकार, म्हणजे केंद्राच्या ठरावीक खर्चापोटी कंपनीला मिळणारी रक्कम, उपलब्धतेवर मिळतो. संच चालू शकतो असं जाहीर करता आलं पाहिजे, आणि यार्डात कोळसाच नसेल तर ते करता येत नाही. तोटा तिथे होतो.

गॅस समजून घ्यायचा तर उरणचं वायू विद्युत केंद्र जवळच आहे. गॅसचे संच झटपट भार घेतात, पण गॅस किती मिळतो आणि कुठल्या भावाने, यावर सगळं अवलंबून.

मुलाखतीला जाण्याआधी केंद्र सरकारच्या मेरिट पोर्टलवरचे केंद्रनिहाय चल खर्च (मुख्यतः प्रतियुनिट इंधनखर्च) बघून जा. शिवाय घरच्या वीजबिलावरचा इंधन समायोजन आकार कुठून येतो, तेही सांगता यायला हवं. हा प्रश्न मी स्वतः विचारतो.