कॅन्सर जीनोमिक्स करताय? या चुका टाळा (आधी बिल्ड बघा!)

मी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक) म्हणून कॅन्सरच्या जीनोम डेटावर, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएच्या माहितीवर काम करते, आणि गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आले की ओळखीतलं एखादं तरी पोरगं लॅपटॉप घेऊन दारात उभं असतं. "ताई, जरा बघता का, लई भारी सापडलंय." बहुतेक वेळा भारी वगैरे काही नसतं, त्याच त्याच चुका असतात. तोंड दुखलं सांगून सांगून, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात आधी बिल्ड, म्हणजे जीनोमच्या नकाशाची आवृत्ती. माणसाच्या जीनोमचे दोन रेफरन्स अजून सर्रास चालतात, २००९ चा एचजी१९ आणि २०१३ चा एचजी३८. दोन्हीत एकाच जागेचा नंबर वेगळा. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं, तरी माती खाल्लीच.

पोस्टडॉकचं पहिलं वर्ष. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट, त्यांच्या उपचाराआधीच्या म्युटेशनची (डीएनएतल्या बदलांची) लिस्ट दुसऱ्या लॅबने दिलेली, नंतरच्या सॅम्पलची मी स्वतः काढलेली. दोन्ही जुळवल्या तर कॉमन जवळपास शून्य. शहाण्या माणसाने इथंच थांबून फाइल उघडली असती, मी मात्र उपचारानंतर ट्यूमर पार बदलला अशी गोष्ट रचली, चौदा स्लाइड केल्या, बॉसला दाखवल्या, बॉस पण खूश. दीड महिना त्यातच गेला. मग संक्रांतीला घरी आले, दुपारी आईने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढ्यात ठेवली, मी एका हाताने भाकरी मोडत दुसऱ्या हाताने टीपी५३ या जीनच्या ओळी उगाच वरखाली करत होते. एका लिस्टमध्ये आर१७५एच हे म्युटेशन क्रोमोसोम १७ वर ७५७८४०६ ला. दुसरीत तोच पेशंट, तेच आर१७५एच, पण ७६७५०८८ ला. घास तोंडातच राहिला. घर तेच, एकीकडं जुना पत्ता आणि दुसरीकडं नवा! बॉसला फोन केला तर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही.

हे सांगितलं की हुशार पोरं लगेच म्हणतात, मग दोन्हीतला फरक ९६६८२, तो जुन्या नंबरात मिळवून टाकू की. अरे बाबा, नाही. बीआरएएफ जीनचं व्ही६००ई म्युटेशन सातव्या क्रोमोसोमवर ३००२०० ने पुढे गेलंय आणि केआरएएस जीनचं जी१२ बाराव्यावर उलट दीड लाखाने मागे आलंय. जुने पत्ते नव्यात बदलणारा लिफ्टओव्हर प्रोग्राम आहे ना, तो वापरा, आणि त्याला जे जमत नाही ते तो एका अनमॅप्ड फाइलमध्ये टाकतो, ती उघडून बघा, तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझी सवय सांगते. फाइल आली की पहिलं हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळी. क्रोमोसोम १ ची लांबी २४९२५०६२१ असेल तर एचजी१९, २४८९५६४२२ असेल तर एचजी३८. आईच्या मोबाइल नंबरसारखं पाठ झालंय. हेडर कुणी उडवलं असेल तर फाइलमधली रेफरन्सची अक्षरं (ए, सी, जी, टी) खऱ्या रेफरन्सशी ताडून बघा, बिल्ड चुकली असेल तर चारातलं एखादंच जुळतं, ते पण नशिबाने. आणि फाइलच्या नावात बिल्ड लिहा, 'फायनल२_नवीन' लिहून कुणाचं भलं झालेलं नाही.

क्रोमोसोमचं नाव एकीकडं 'सीएचआर१७' आणि दुसरीकडं नुसतं '१७' असेल तर बऱ्याचदा एरर येत नाही, गपचूप रिकामा रिझल्ट येतो.

बेड फाइल (जीनोमवरच्या पट्ट्यांची यादी) जागा शून्यापासून मोजते, व्हीसीएफ (म्युटेशनची यादी) एकपासून.

जीनची लिस्ट एक्सेलमध्ये उघडू नका. सेप्ट२ ची २ सप्टेंबर होते, शेवटी २०२० मध्ये त्या जीन्सची नावंच बदलावी लागली, एक्सेलमध्ये हा बदल बंद करायची सोय यायला २०२३ उजाडलं.

सर्व्हरवर मोठा जॉब लावताना टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी जॉब चालू ठेवणारं) वापरा. जुळे सोलापुरात लाइट गेली, वायफाय गेलं, अठरा तासांचा जॉब गेला. परत विचारायचं नाही.

दुसरं माझं दुखणं म्हणजे बॅच, कुठलं सॅम्पल कुठल्या खेपेत, कुठल्या किटवर झालं ते. आमचे अण्णा चादरीच्या कारखान्यात होते. दोन लॉटचं सूत एका चादरीत लागलं की पट्टा लांबूनच दिसतो, रंगाचं नाव कागदावर एकच असलं तरी. सिक्वेन्सिंगचं (डीएनए वाचायचं) डिट्टो तसंच. मागच्या वर्षी एका पोराने पीसीए (सारखी सॅम्पल जवळजवळ दाखवणारा आलेख) दाखवला, ट्यूमर एकीकडं, नॉर्मल दुसरीकडं, काय सुंदर दोन गोळे. विचारलं तर नॉर्मल सगळे आधी एका किटवर झालेले आणि ट्यूमर सगळे नंतर दुसऱ्या किटवर. मग तो फरक कॅन्सरचा का किटचा, कोण सांगणार? "ताई, कॉम्बॅट लावू का?" कॉम्बॅट म्हणजे बॅचचा फरक काढणारा प्रोग्राम. लाव की, किटचा फरक काढताना कॅन्सरचा पण निघून जाईल. अण्णा शेजारीच पेपर वाचत होते, म्हणाले, उसवून परत विणायला लागते ती.

ट्यूमर प्युरिटी (तुकड्यात कॅन्सरच्या पेशी किती टक्के) न बघता २० टक्क्यांखाली प्रमाण असलेली सगळी म्युटेशन उडवू नका. तुकड्यात कॅन्सरच्या पेशी ३० टक्केच असतील तर साधं हेटेरोझायगस (जीनच्या दोनपैकी एकाच प्रतीतलं) म्युटेशन १५ टक्क्यांच्या आसपासच दिसणार. आणि तोंडाच्या कॅन्सरला शेजारचा चांगला दिसणारा तुकडा नॉर्मल म्हणून घेऊ नका, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात तिथं पण म्युटेशन पडलेली असू शकतात, मग ट्यूमरमधून नॉर्मल वजा करताना प्रोग्राम खरी म्युटेशनच वजा करून टाकतो. रक्त घ्या.

टायटिन जीन म्युटेशनच्या लिस्टमध्ये वर आलं म्हणून नाचू नका, जीनच अवाढव्य लांब आहे.

आयजीव्ही या जीनोम बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये चार जागा डोळ्यांनी बघायला पाच मिनिटं लागतात, पण पोरांना आधी पेपरचं टायटल सुचतं. परवा आलेल्याला मी बसल्या बसल्या हेडर उघडायला लावलं. २४९२५०६२१. बरं, आणि ही दुसरी फाइल?

"ती मित्राकडनं घेतलीय ताई, तिला हेडरच नाय."

मी उठून चहा टाकला.