पिकअपखालचा मोकळा कपलर (कशालाच न जोडलेला वायरींचा प्लग) ओळखायला जाण्याआधी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्या. पिकअपखाली शिरायला सहसा जॅक लागत नाही. लागलाच, तर घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय खाली जायचं नाही. सोबत बॅटरी (टॉर्च), डिजिटल मल्टीमीटर, जुना टूथब्रश, टेप, केबल टाय आणि वही घ्या. केबिनमध्ये बसायला एक माणूस हवाच. त्याच्याशिवाय अर्धी तपासणी होत नाही.

कपलरला हात लावण्याआधी फोटो काढा. तोंडावर टोपण असेल आणि तो हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, नीट बांधलेला असेल, तर बहुधा तुमच्या मॉडेलमध्ये नसलेल्या सोयीसाठी कंपनीने तो ठेवलाय. रिव्हर्स सेन्सर, मागचा फॉग लॅम्प, ट्रेलरचं सॉकेट, असं काहीतरी. एकच हार्नेस अनेक मॉडेलना वापरला जातो. पण टोपण नाही, लॉकची जीभ तुटलीय आणि पिना मात्र स्वच्छ आहेत, तर तो निसटलेला समजा आणि त्याचा जोडीदार वायर पोचेल तेवढ्या टप्प्यात शोधा. डॅशवर एबीएस किंवा चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल, तर हा शोध आधी.

वायरच्या रंगावर विसंबू नका. सात पिनांच्या आयएसओ 1724 ट्रेलर सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर पांढरी असते आणि काळी वायर डाव्या टेल लॅम्पची.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब चासीच्या घासून साफ केलेल्या बोल्टला, लाल एकेका पिनेला, पिना न फाकवता. इंजिन शेवटपर्यंत बंदच. आधी चावी बंद, मग ऑन. मग आतल्या माणसाला पार्किंग, इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स गिअर एकेक करायला सांगा आणि प्रत्येक आकडा पिनेसमोर लिहा. रिव्हर्स टाकल्यावरच 12 व्होल्ट येत असतील, तर रिव्हर्सची वायर सापडली. 5 व्होल्टच्या आसपास काही दिसलं, तर ती बहुधा सेन्सरची लाइन. तिथे बल्बचा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका, ईसीयूला (गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरला) इजा होऊ शकते. कुठेच काही येत नसेल, तर फ्यूजपेटी उघडा. न दिलेल्या सोयीचा फ्यूज किंवा रिले बरेचदा बसवलेलाच नसतो.

ओळख पटेपर्यंत वायर कापू नका, काही जोडूही नका. काम झालं की टोपण किंवा टेप लावून कपलरचं तोंड खाली करा, आणि सायलेन्सर व प्रोपेलर शाफ्टपासून (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यापासून) लांब बांधा.