बुधवारच्या बाजारात जुने कपडे आणि लोकर घ्यायला जाताय? स्वेटर आधी उलटा करा

मागच्या फेब्रुवारीत नाशिकला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून चार जुने स्वेटर साडेतीनशेला उचलले. भाचीच्या बाळाला स्वेटर-टोपडं विणायचं होतं. घरी येऊन उसवायला बसले तर पहिल्याच ओळीला मीटर-दीड मीटरचा तुकडा हातात. म्हटलं असेल कुठे तुटलेला. दुसरी ओळ, परत तुकडा. रात्री अकरा वाजता माझ्यापुढे मॅगीसारखा ढीग आणि नवरा विचारतोय, हे खायचंय का. चारही स्वेटर तसलेच. म्हणून या वेळी दोघी मैत्रिणी बरोबर येणारेत तर आधीच सगळं लिहून काढतेय, म्हणजे मला पण विसरायला जागा नको.

पिशव्या, सुट्टे, पाण्याची बाटली हे सांगायला नकोच. स्कॅनर बहुतेकांकडे असतो, पण दहा-वीसच्या नोटा हातात असल्या की भाव पटकन तुटतो. गाडी नका आणू, गोदाघाटाजवळ लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो आणि चिडचिड होते, रिक्षाने या. पावसाळ्यात तर गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आधी बघा, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं असेल तर घाटावर बाजार कसला, घरीच भजी तळा. आणि स्वेटर घ्यायचेत तर डिसेंबरात अजिबात नको. निफाडचा पारा खाली गेला की सगळ्यांना थंडी आठवते आणि भाव चढतो. होळीच्या आसपास जा, तेव्हा विकणाऱ्यालाच ते ओझं झालेलं असतं.

सकाळी जा. उन्हात जा. पिवळ्या बल्बखाली डागही दिसत नाही आणि खरा रंगही दिसत नाही.

पर्समध्ये मापाची टेप हवीच. कटपीस घेताना नुसती लांबी विचारू नका, पन्ना म्हणजे कापडाची रुंदी मोजा. ४४ इंची पन्ना असेल तर अडीच मीटरमध्ये कुर्ता निघतो, ३६ इंची निघाला तर शिंपी तोंड वाकडं करतो आणि बाह्या आखूड करतो. जुनी सुती साडी गोधडीसाठी घेत असाल तर पूर्ण उघडा, अगदी साडेपाच मीटर, लाजू नका. वरची घडी नेहमी चांगलीच असते. साडी विरते ती निऱ्यांपाशी आणि बसायच्या जागी, तो भाग उजेडापुढे धरला की जाळी दिसते. रेशमी असेल तर घडीची रेघ बोटांनी हळू ताणून बघा, तिथेच तडकलेली असते. एक पांढरा रुमाल ओला करून न्या, गडद कापडावर कोपऱ्यात घासा, रुमाल लाल झाला तर ते कापड बाकीच्या धुण्याचं वाटोळं करणार.

आता स्वेटर. उलटा करा. घालून बघायच्या आधी, रंग आवडायच्या आधी, भाव विचारायच्या आधी उलटा करा आणि बगलेखालची शिवण बघा. कडेला मशीनचा बारीक दोरा गच्च जाळीसारखा गुंडाळलेला दिसला, म्हणजे ओव्हरलॉक, तर तो स्वेटर विणलेल्या कापडाच्या ताग्यातून कात्रीने कापून शिवलाय. म्हणजे प्रत्येक ओळ दोन्ही कडांना आधीच तुटलेली. तुम्ही काहीही करा, तुकडेच निघणार. अंगात घालायला घ्या खुशाल, उसवायला नको. चांगल्या स्वेटरला पुढचा भाग, पाठ, बाह्या वेगवेगळ्या आकारात विणून मग जोडलेल्या असतात, कडेला टाक्यांची सलग साखळी दिसते, आणि जोडणीचा धागा तोडला की दोन्ही भाग अख्खे सुटे होतात. तोच घ्यायचा.

मी हे बाजारात ढिगाऱ्यावर बसलेल्या मावशींना नंतर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उलटा काय बघते बाई, उलटा घालणारेस का?" आजूबाजूच्या बायका हसल्या. हसू देत. तरी उलटा करा.

मग धाग्याची जात. मावशींना विचारून शिवणीतला एखादा सुटा धागा घ्या आणि ढिगाऱ्यापासून लांब जाऊन काडी लावा, तिथेच पेटवत बसू नका. केस जळल्याचा वास आला तर खरी लोकर (रेशमाचाही तसाच येतो), कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून टोकाला कडक मणी झाला तर अ‍ॅक्रेलिक नाहीतर पॉलिस्टर. लेबलवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, लेबल तरी कुठे शिल्लक असतं. गरम पाण्यात धुऊन घट्ट झालेला, टाके दिसेनासे झालेला स्वेटर सोडून द्या, तोही उसवत नाही. बारीक गोल भोकं दिसली की कसर, तो पिशवीत पण टाकू नका. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लोकर लागते, त्या हिशोबाने किती घ्यायचे ते ठरवा. सुटे गुंडे मिळाले तर चिठ्ठीवरचा लॉट नंबर सगळ्यांवर एकच आहे का बघा, नाहीतर पाठ एका छटेची आणि पोट दुसऱ्या.

भाव करताना तीन-चार एकदम घ्या, एकेकाचा करू नका. पण फार ताणूही नका, त्यातल्या कितीतरी बायका गल्लोगल्ली फिरून भांड्यांवर कपडे गोळा करतात आणि ते डोक्यावरून इथवर आणतात. पन्नास रुपयांसाठी पंधरा मिनिटं वाद घालणाऱ्या मैत्रिणीबरोबर मी परत जाणार नाही, नाव घेत नाही, वाचतेच आहे ती. आणि ती वाद घालत असताना तुम्ही काय करायचं? पिशवीतला प्रत्येक स्वेटर परत एकदा उलटा करायचा.

घरी आल्यावर कपाटात काही ठेवायचं नाही. सुती कपडे गरम पाण्यात, मग कडक ऊन. लोकर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीजमध्ये, कसर असेल तर मरते. सासूबाईंना आधी सांगून ठेवा. उसवायला जिथे विणकाम बंद केलंय त्या टोकाने सुरुवात, बहुतेक गळ्याकडून. खुर्चीच्या पाठीला लडी गुंडाळा, चार जागी बांधा, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, पिळू नका, खाली थोडं वजन लावून सावलीत टांगा, कुरळेपणा जातो. मग गुंडा करा.

बुधवारी साडेआठला रविवार कारंजावर भेटू, चहा तिथेच. टेप मी आणते, रुमाल तुम्ही आणा.